हेवी लायसन्स आहे, अनुभव नाही. शेठ म्हणतो, 'चालवता चालवता शिकशील'

प्रश्न (पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून): विक्रोळीला राहणारा चोवीस वर्षांचा वाचक. तीन वर्षं छोटा हत्ती चालवला, फर्निचर आणि किराणा माल पोहोचवला. नऊ महिन्यांपूर्वी मोटार ट्रेनिंग स्कूलमधून हेवी लायसन्स काढलं, पण जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, 'लाइनचा (लांब पल्ल्याच्या फेऱ्यांचा) अनुभव किती?' आता कळंबोलीचे वीस-बावीस गाड्यांचे एक मालक घ्यायला तयार आहेत. दहा टायरची गाडी, लोखंड भरून थेट हैदराबाद, क्लीनर नाही. पगार नाही, ट्रिपवर पैसे. मूळ लायसन्स ऑफिसात जमा ठेवायचं. तीस हजार उचल देऊ केली आहे, त्यातले दहा हजार त्याने घेतलेही. मामा एसटीतून निवृत्त झालेले चालक. ते म्हणतात, आधी वर्षभर क्लीनर म्हणून बस. आईला अपघाताची आणि त्यानंतरच्या जमावाची भीती वाटते, तिला ही नोकरीच नको आहे. वाचक विचारतो, 'लायसन्स खिशात असताना क्लीनर व्हायचं म्हणजे मागे जाणं नाही का? आणि या शेठला नाही म्हटलं तर मला दुसरा कोण घेईल?'

उत्तर:

शेठने तुझ्यावर उपकार केलाय, अशा सुरात तू लिहिलं आहेस. मला ते पटत नाही. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये दुपारी एक चक्कर मार. ड्रायव्हर नाही म्हणून उभ्या असलेल्या गाड्या तुला दिसतील. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही, विमा, टॅक्स, परमिट काहीच थांबत नाही. बावीस गाड्यांतली एक जरी आठवडाभर उभी राहिली तरी शेठच्या खिशाला चाट बसते. तेव्हा गरज त्यालाही आहे. नवा माणूस घेणं हा त्याचा मोठेपणा नाही, नाइलाज आहे. त्यात वाईट काही नाही, जगभराचे धंदे असेच चालतात. पण हे लक्षात ठेवून बोलायला गेलास तर मान खाली घालून बोलणार नाहीस.

आता लायसन्सबद्दल. ते तू रीतसर काढलंस, वर्षभर हलकं लायसन्स वापरल्यावरच ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळतं, वयाची विशीही पूर्ण लागते, हे सगळं झालं. पण परीक्षा कशावर दिलीस ते आठव. बहुतेक स्कूलची गाडी सहा टायरची, जुनी आणि रिकामी असते. दहा टायरच्या गाडीचं मालासकट वजन कायद्याने साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जातं. तुझा छोटा हत्ती मालासकट दोन टनांच्या आत-बाहेर. तीन वर्षांत तू मुंबईची गर्दी, पार्किंग, गिऱ्हाईक, पावसातले खड्डे शिकलास आणि ती शिदोरी मोठी आहे, तिला कमी लेखू नकोस. फक्त त्यात एक गोष्ट नाही: भरलेली गाडी थांबवणं.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या शेठच्या 'चालवता चालवता शिकशील' या वाक्याची किंमत इथेच कळते. हैदराबादला जाताना खंडाळ्याचा घाट तुला चढायचा आहे. गाडी गुरगुरेल, मागचे हॉर्न वाजवतील, पण चढावर नवखा ड्रायव्हर सहसा मरत नाही. परतीला तिकडून माल भरून येशील तेव्हा तोच घाट उतरायचा असतो. लोणावळा सोडल्यापासून खोपोलीपर्यंत सलग उतार आहे. नवखा माणूस काय करतो? वेग वाढला की ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. ड्रम तापतात, ब्रेकचे लायनर पकड सोडतात. वारंवार दाबल्याने हवेच्या टाकीतलं प्रेशरही उतरत जातं आणि कॉम्प्रेसरला ते तेवढ्या लवकर भरून काढता येत नाही. मग पेडल दाबलेलं असतं आणि गाडी थांबत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी 'ब्रेक निकामी झाल्याने' असं छापून येतं. ब्रेक बऱ्याचदा चांगले असतात, वापर चुकलेला असतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये किंवा त्याच्याही खालच्यात उतरायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग धरणारा) आधीपासून लावायचा, आणि पायाचा ब्रेक शेवटी, हे वाक्य मी इथे एका ओळीत लिहिलं. पण कोणत्या वळणाआधी गिअर टाकायचा, उतार सुरू झाल्यावर गिअर बसला नाही तर काय, हे शेजारी बसलेला माणूसच शिकवू शकतो.

याला जोडून पैशाची गोष्ट येते. 'ट्रिपवर पैसे' म्हणजे एक ठरलेली रक्कम हातात, त्यात डिझेल, खाणंपिणं, वाटेतले सटरफटर खर्च, आणि उरेल ते तुझं. ऐकायला छान वाटतं. पण अशा हिशेबात डिझेल वाचवलं तरच कमाई. मग उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय लागते. न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वर सांगितलेलं सगळं घडतं. गंमत म्हणजे आजच्या इंजिनांमध्ये गिअरमध्ये राहून पाय उचलला तर डिझेल जवळजवळ जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे बचतही खोटी. तरी ही सवय जात नाही, कारण जुन्या ड्रायव्हरांकडून नव्यांकडे तीच शिकवण जाते. झोपेचंही तसंच. जितक्या लवकर पोहोचशील तितक्या ट्रिप जास्त, म्हणून रात्री दोन ते पाचच्या वेळेत, जेव्हा शरीर मुळातच झोप मागत असतं, तेव्हा माणूस तंबाखू मळत गाडी हाकतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. लाइनवर हे कोण पाळतं, असं तू विचारशील. फार थोडे. पण कोणता मालक त्याच्या जवळपास जातो आणि कोणता फोन करून 'कुठे पोहोचला?' एवढंच विचारत राहतो, एवढा फरक तुला नक्की ओळखता येईल.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिले सहा महिने ट्रिपवर नको. महिन्याचा ठरलेला पगार आणि रोजचा भत्ता असेल तरच. आकडा थोडा कमी असला तरी चालेल. घाई करण्यात तुझा फायदा नसेल, तर घाई करायचा मोहही होणार नाही.

आता मामांचा सल्ला. तो तुला अपमानाचा वाटला. मला त्यात अर्धं शहाणपण दिसतं. मामांच्या जमान्यात ड्रायव्हर असाच घडायचा: आधी गाडी धुणं, टायर ठोकून बघणं, ताडपत्री-रस्सी बांधणं, मागे घेताना पत्र्यावर थाप मारून 'आने दो' म्हणणं, मग रात्री रिकाम्या रस्त्यावर उस्तादाने, म्हणजे जुन्या ड्रायव्हरने, दिलेलं स्टेअरिंग. लायसन्स बरंच नंतर. आता मालकांनी खर्च वाचवायला क्लीनर काढून टाकले आणि त्याबरोबर ही शाळाही बंद झाली. त्यामुळे क्लीनरच्या वर्षाला मामा जे मोल देतात ते खरं आहे. मात्र आज तुला वर्षभर क्लीनर ठेवणारा मालक सापडणं कठीण, आणि सापडला तरी त्या पगारात विक्रोळीचं घरभाडं निघणार नाही. शिवाय वर्षभर गाडी धुऊन घेईल आणि स्टेअरिंग देणारच नाही, असाही उस्ताद भेटू शकतो.

मधला रस्ता आहे. त्याला डबल ड्रायव्हर म्हणतात. लांबच्या लाइनवर काही मालक दोन ड्रायव्हर देतात. तू दुसरा ड्रायव्हर म्हणून बस. सपाटीला दिवसा तू चालव, घाट आणि रात्र उस्तादाची, महिन्याभरात घाट तुझा आणि उस्ताद शेजारी. यात तू क्लीनर नाहीस, ड्रायव्हरच आहेस. पगार पूर्ण नसेल, पण निम्म्याच्या वर मागायला हरकत नाही. लायसन्स असूनही शिकतो आहोत असं म्हणण्यात कमीपणा वाटत असेल तर मामांना विचार, एसटीत निवड झालेल्या चालकालाही आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं की नाही.

तुझ्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे: खरा ड्रायव्हर म्हणजे लाइनचा, बाकी सगळे लोकल. हे नाक्यावरचं मत आहे, तुझं असायची गरज नाही. भिवंडीच्या गोदामांतून मुंबई-ठाण्यात माल आणणाऱ्या सहा टायरच्या आयशरवर सहा महिने काढलेस तर डॉकला गाडी मागे लावणं, घोडबंदरला गायमुखचा चढ-उतार, शहरात अवजड गाड्यांना बंदी असलेल्या वेळा, हे सगळं अंगवळणी पडेल आणि रात्री घरी येशील. न्हावा शेवा बंदर ते उरण-द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांमधली ट्रेलरची फेरीही नवख्याला वाईट नाही. रांगेत तासन् तास जातात, त्याचा कंटाळा येतो, पण अंतर कमी, वेग कमी, आणि ट्रेलर मागे घेणं शिकायला याहून चांगली जागा नाही. उलट काही लोकल कामं मात्र मी नवख्याला सांगणार नाही. पाण्याचा टँकर अर्धा रिकामा झाला की आतलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं. काँक्रीटच्या मिक्सरचा भार उंचावर आणि फिरता. डंपर बऱ्याच ठिकाणी फेरीवर पैसे देतात, म्हणजे तीच घाई, आणि तीही शाळा सुटायच्या वेळी गल्लीत. केमिकलच्या टँकरचा तर प्रश्नच नाही, धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते.

मोठी गाडी मुंबईत चालवताना छोट्या हत्तीची एक सवय मोडावी लागेल, ती आत्ताच सांगून ठेवतो. डावीकडे वळताना क्लीनर साइडला, केबिनच्या दाराला लागून, बाइकवाला आरशात दिसत नाही. आरसा बघितला, कोणी नव्हतं, वळलो, असं प्रत्येक जण पोलीस ठाण्यात सांगतो. क्लीनर असता तर त्याने खिडकीतून हात काढून थांबवलं असतं. क्लीनर नाही, म्हणून तुला वळणाआधी गाडी जवळजवळ थांबवायची आहे, मागचा कितीही बोंबलू दे.

शेठची परीक्षा कशी घ्यायची? त्याच्या ऑफिसात नाही, पार्किंगमध्ये. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचे ड्रायव्हर बसतात, तिथे जाऊन बस. सर्वात जुना ड्रायव्हर किती वर्षांचा आहे, ते विचार. सगळे दोन-चार महिन्यांचे असतील तर काय समजायचं ते समज. टायर फुटला तर पैसे कोणाचे, बिघाडात दोन दिवस अडकलो तर भत्ता चालू असतो का, मागच्या दिवाळीला हिशेब वेळेवर झाला का, हे विचार. मग तुला देणार असतील त्या गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाक. फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा दिसतील. गाडी आठ वर्षांच्या वर असेल तर फिटनेस दरवर्षी लागतं. फिटनेस संपलेली गाडी घेऊन निघालास तर नाक्यावर उत्तरं तुलाच द्यावी लागतील, शेठ फोन उचलेल की नाही सांगता येत नाही. टायरचे खाचे स्वतः बघ, पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर असतील तर त्या गाडीवर बसू नकोस.

ओव्हरलोडचा विषय तर आधीच काढ. लोखंडाच्या धंद्यात तो हमखास येतो, कारण माल दिसायला थोडा आणि वजनाला भारी; गाडी अर्धी रिकामी दिसते आणि वजनकाटा भलताच आकडा दाखवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. दंड मालक भरेल, पण ओव्हरलोडमध्ये लायसन्सही तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं, आणि ते मालकाचं नसतं. भरून झाल्यावर काट्याची पावती स्वतः बघ, मोबाइलवर फोटो काढून ठेव.

लायसन्स जमा ठेवायला ठाम नकार दे. झेरॉक्स दे, हवी तर सही करून दे. लायसन्स रस्त्यावर तुझ्याजवळ लागतं. डिजिलॉकरमधली प्रत पोलिसांना चालते, हे खरं, पण म्हणून मूळ लायसन्स दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचं कारण नाही. ते अडवून ठेवायचं एकच कारण असतं, तू सोडून जाऊ नयेस. उचल देण्यामागेही तेच. 'उचल फिटल्याशिवाय गाडी सोडता येणार नाही' असं कोणी म्हणालं तर ती वेठबिगारीची भाषा आहे आणि १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा ठरते. पगारातून नुकसान कापायचं तर आधी तुझी बाजू ऐकावी लागते, हेही कायद्यात जुनंच आहे. तू लगेच कोर्टात जावंस म्हणून हे सांगत नाही. बोलताना पाठीचा कणा ताठ राहावा म्हणून सांगतो.

आईबद्दल. तिची भीती अपघाताची आहे, आणि त्यातही अपघातानंतर जमाव मारेल याची, असं तू लिहिलंस. ती भीती उगाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांचा संप झाला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तो याच प्रश्नावरून: नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. ही संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पण मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरचं कर्तव्य आधीपासून आहे: जखमीला मदत करायची, पोलिसांना कळवायचं, आणि जमाव अंगावर येणार असेल तर तिथे थांबलंच पाहिजे अशी सक्ती नाही. अशा वेळी गाडी सोडून जवळचं पोलीस ठाणं गाठायचं आणि वाटेतूनच ११२ वर फोन करायचा. ही गोष्ट आईला नीट समजावून सांग. गाडीचा विमा चालू आहे, त्यात ड्रायव्हरचंही संरक्षण आहे, तुझं लायसन्स त्या गाडीसाठी वैध आहे, हे तिला कागद दाखवून सांग. 'काळजी करू नकोस' असं म्हणून तिचं समाधान होणार नाही. पॉलिसीची तारीख बघून मात्र बहुधा थोडं होईल.

'याला नाही म्हटलं तर दुसरा कोण घेईल?' या प्रश्नाचं उत्तर: जो तुझी तीन वर्षं मोजेल तो. अनुभव विचारला की 'नाही' म्हणून गप्प बसू नकोस. 'तीन वर्षं मुंबईत टेम्पो चालवला, एकही अपघात नाही, चलन अमुक, हेवीवर नवीन आहे, उस्तादाबरोबर शिकायची तयारी आहे' असं सांग. खोटा अनुभव मात्र सांगू नकोस. पहिल्या रिव्हर्सला पितळ उघडं पडतं. जमलं तर पुण्याला सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेत अवजड वाहनांच्या प्रशिक्षणाची चौकशी कर. तिथलं प्रमाणपत्र लाइनच्या शेठला फारसं महत्त्वाचं वाटणार नाही, पण मोठ्या कंपन्यांचा माल वाहणारे ठेकेदार असा कागद बघतात.

या शेठकडे जायचंच नाही, असं मी म्हणत नाही. एकदा जाऊन सरळ बोल: 'शेठ, काम करायचंय. पहिल्या चार हैदराबाद ट्रिपा उस्तादाबरोबर द्या, सहा महिने पगारावर ठेवा, लायसन्स माझ्याकडे राहील.' तो चिडला नाही, घासाघीस करायला लागला, तर माणूस बरा आहे. चार ट्रिपांच्या दोन केल्या तरी होकार दे. लायसन्सवर अडून बसला तर उठून ये.

पण त्याआधी एक काम. घेतलेले दहा हजार खर्च झाले नसतील तर परत कर, रोख नको, ऑनलाइन पाठव, म्हणजे नोंद राहील. खर्च झाले असतील तर मामांकडून घे. मग बोलायला जा.